कढईंतलें तेल

दिवा स्थानकाबाहेर सकाळच्या घाईंत वडापाव घेणारा प्रवासी कढईंत डोकावत नाहीं. वडा गरम आहे, एवढ्यानेंच त्याचें समाधान होतें. पण तेल पुनःपुन्हां तापविल्यानें त्यांत ध्रुवीय संयुगें वाढतात. ज्या तेलांत तीं २५ टक्क्यांहून अधिक झालीं, तें वापरूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. हें प्रमाण जिभेला कळत नाहीं. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास तें मोजावेंच लागतें. (वृत्तपत्राच्या कागदाची शाई ती निराळीच!) वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याचें बंधन मात्र, २०१९ च्या आदेशानें, तळणासाठीं दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांवरच पडलें. गाडीवरची लहानशी कढई त्या हिशेबाबाहेर राहिली. कालच्या तेलांत आज नवें ओतण्याचा मोह तर तेथेंच अधिक. उरलेलें तेल फेंकून देणें त्या बापड्या विक्रेत्यास परवडत नाहीं.