आधी झोप, मग झेप

(मावळातल्या एका शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्या म्हणून केलेलं भाषण)

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी माझी ओळख करून देताना ‘गगनभरारी घेणारी मावळकन्या’ असं म्हटलं. ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझं खरं काम ड्रायव्हरचं आहे. मालाची गाडी चालवते, गाडीला पंख आहेत एवढंच. माझ्या विमानात प्रवासी नसतात, हवाईसुंदऱ्या नसतात, खिडक्याही नसतात. कॉकपिटच्या मागे एक भक्कम भिंत आणि भिंतीपलीकडे माल. मोबाईल, औषधं, मोटारींचे सुटे भाग, मासळी, फुलं, कधी शर्यतीचे घोडे. घोडे असले की त्यांची देखभाल करणारी माणसं सोबत येतात आणि मी विमान जरा जास्तच हळुवार चढवते.

काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. ‘म्हणजे अजून पॅसेंजरवर घेतलं नाही का?’ असं आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, काका, जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, विमान आणलं. आपल्या नियमित विमानसेवेची सुरुवात आपण त्या उड्डाणापासून मोजतो. त्या विमानात प्रवासी एकही नव्हता. होती ती टपालाची थैली. काका जिलबी खात राहिले.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापलाय, ‘वैमानिक क्षेत्रातील करिअरच्या संधी’. त्यावर बोलणार आहे, घाबरू नका. पण या पटांगणात पाय ठेवला आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. स्टेज होतं तिथेच आहे. पडदा ओढायला तेव्हाही दोन मुलं लागायची, आजही दोनच आहेत आणि आजही एका बाजूचा पडदा अडकला. शाळेमागून मालगाडी गेली की आमचा तास थांबायचा, कारण बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचाच नाही. तेवढ्या वेळात आम्ही डबे मोजायचो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा. मग त्यावरून भांडण.

पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या आमच्या भूगोलाच्या बाई मला मघापासून दिसतायत. बाई, तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही. शाळेत एकच पृथ्वीगोल होता आणि तो ऑफिसातल्या कपाटात कुलपात असायचा, कारण मुलं तो फिरवून फिरवून खिळखिळा करतील अशी भीती. तुम्ही चावी मागून आणलीत आणि तो वर्गात आला. पर्समधून शिवणाचा काळा दोरा काढलात. एक टोक टोकियोवर मला धरायला लावलंत, दुसरं शिकागोवर माझ्या मैत्रिणीला. ‘आता ताणा,’ म्हणालात. आम्हाला वाटलं दोरा पॅसिफिकच्या मधोमध आडवा बसेल. तो सरकत सरकत वर गेला आणि पार अलास्कावर जाऊन टेकला. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी दोरा खोटा ठरवला.

तो दोरा खरा होता. आज मी त्याच दोऱ्यावरून ये-जा करते. अलास्कात अँकरेज नावाचं शहर आहे. पूर्व आशियातून अमेरिकेला माल नेणारी कितीतरी विमानं तिथे उतरतात, तेल भरतात, वैमानिक बदलतात आणि पुढे जातात. न थांबता जाता येत नाही का? येतं. पण मी चालवते ते बोईंग ७७७ जास्तीत जास्त सुमारे ३४८ टन वजनानिशी उडू शकतं. रिकाम्या विमानाचंच वजन १४० टनांच्या वर. माल १०० टन भरला तर टाक्या पूर्ण भरता येत नाहीत आणि टाक्या पूर्ण भरल्या तर माल खाली ठेवावा लागतो. कंपनीला पैसे मालाचे मिळतात. म्हणून अर्ध्या वाटेवर थांबायचं. आणि मधे तारखेची रेषा ओलांडली की गंमत बघा, हाँगकाँगहून मंगळवारी रात्री आठला निघालेली मी अँकरेजला मंगळवारी दुपारीच पोचते. बाई, हे गणित परीक्षेत पाच गुणांना होतं.

आता पालकांकडे वळते. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी या दिवसांत गुलाबाची धांदल असणार. व्हॅलेंटाईनचा माल म्हणजे मावळाची सुगी. पॉलिहाऊसमध्ये पहाटेपासून काढणी, मग प्रतवारी, मग कोल्ड स्टोरेज आणि तिथून विमानतळ. तुमचे गुलाब कोण नेतं ते मला सांगता यायचं नाही, पण तुमच्या स्पर्धकाचे गुलाब मी नेते हे कबूल केलं पाहिजे. केनियाचे. नैरोबीहून ॲमस्टरडॅमला. नैरोबी सव्वापाच हजार फुटांहून उंच आहे. तिथली हवा विरळ, त्यात दुपारचं ऊन, म्हणजे इंजिनाचा आणि पंखांचा जोर आणखी कमी. रात्रीच्या गारव्यात तेच विमान जास्त माल घेऊन उठतं. फुलंही गार हवेत बरी राहतात. म्हणून आम्ही बहुतेक वेळा रात्रीचे निघतो.

आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येते. मालाचा धंदा रात्रीचा आहे. दिवसभर कारखान्यात, शेतात माल तयार होतो, संध्याकाळी ट्रकमधून विमानतळावर येतो आणि सकाळी तो दुसऱ्या देशात हवा असतो. मधली रात्र आमची. हॉटेलातला फोन रात्री एकला वाजतो. तोंड धुऊन गणवेश चढवायचा, गाडीत बसायचं. हवामान, मार्ग, इंधन यांची कागदपत्रं वाचायची. विमानाभोवती टॉर्च घेऊन फेरी मारायची. माल नीट बांधलाय का, जाळ्या आणि खटके पक्के आहेत का याची खात्री करायची. धोकादायक मालाची यादी येते, लिथियम बॅटऱ्या कुठल्या पॅलेटवर आहेत ते वाचून सही करायची. मग बहुतेक वेळा वाट बघायची, कारण शेवटचा ट्रक कुठेतरी अडकलेला असतो. आणि मग उडायचं. समुद्रावर तासन् तास काही घडत नाही. काही न घडणं हेच आमचं यश.

लोकांना वाटतं वैमानिकाचं कसब उडवण्यात आहे. माझ्या अनुभवानं सांगते, लांब पल्ल्याच्या वैमानिकाचं निम्मं कसब झोपण्यात आहे. भर दुपारी, परक्या गावात, शरीर ‘आता जेवायची वेळ झाली’ म्हणत असताना झोपावं लागतं. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर मी आधी कपाट उघडते. पँट अडकवायचे चिमट्यांचे हँगर काढते आणि त्या चिमट्यांनी खिडकीचे दोन्ही पडदे एकमेकांना जोडते, कारण मधल्या फटीतून येणारी उन्हाची रेघ बरोबर डोळ्यावर येते. दाराखालच्या फटीत टॉवेल. फोन बंद. दारावर ‘झोपमोड करू नये’ची पाटी. तरीही व्हॅक्युम क्लीनर यायचा तो येतोच. लांबच्या उड्डाणात आम्ही तिघं-चौघं वैमानिक असतो आणि पाळीपाळीनं कॉकपिटमागच्या बंकवर झोपतो. ही चैन नाही, नियम आहे. ड्युटी किती तास, विश्रांती किती तास, सगळं कायद्यानं बांधलेलं. ‘मी थकले आहे, आज मी उडवू शकत नाही’ असं म्हणणं वैमानिकाचं कर्तव्य आहे आणि ते न म्हणणं बेजबाबदारपणा.

मुलांनो, हे नियम का लागतात ते ऐका. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे अमेरिकेत बर्मिंगहॅम इथे एक मालवाहू एअरबस धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. विमान उत्तम होतं. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा त्या दोघांचं बोलणं सापडलं. विश्रांती पुरत नाही, आणि थकव्याबाबतचे नवे नियम प्रवासी वैमानिकांना लागू होणार पण आपल्याला नाहीत, याबद्दल ते बोलत होते. अपघाताच्या कारणांमध्ये पुढे थकव्याचीही नोंद झाली.

म्हणून आज मी तुम्हाला एकच गोष्ट सांगायला आलेय. झोपा. वेळेवर झोपा, पुरेसं झोपा आणि लाज न बाळगता झोपा.

मला ठाऊक आहे, या स्टेजवरून आजवर पाहुण्यांनी तुम्हाला याच्या नेमकं उलट सांगितलं. दिव्याखाली अभ्यास, रात्रीचा दिवस, पहाटे चारचा गजर. आमच्याही वेळी हेच होतं. ‘आमचा मुलगा दोन-दोन वाजेपर्यंत जागतो हो’ हे आया अभिमानानं सांगायच्या. मला विचाराल तर ही तक्रार आहे, कौतुक नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं आणि हात मद्य घेतलेल्या माणसाइतके मंदावतात. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकरानंतर गणितं सोडवतो, ती त्या अवस्थेत. बरं, दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. झोप कापून अभ्यास करणं म्हणजे स्वतःच लिहिलेली वही स्वतः पुसणं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानांना आणखी जास्त. दहावीच्या मुलांनो, ही डॉक्टरांची शिफारस आहे, माझं लाडावणं नाही.

आणि फोन. पांघरुणात शिरून फोन बघणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, मागे तुमचे वडील बसलेत. वडिलांनीही करू नका.

अमेरिकेच्या नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर प्रयोग केला होता. उड्डाणात चाळीस मिनिटांची विश्रांती दिली. वैमानिक सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि तेवढ्यानं त्यांची सतर्कता स्पष्ट वाढली. तेव्हा दुपारी डबा खाल्ल्यावर पाचव्या तासाला कोणी बाकावर पेंगत असेल तर सरांनी खडू मारण्याआधी नासाची आठवण काढावी. अध्यक्षमहाराजांनी मघाशी मुख्याध्यापिका बाईंच्या अहवाल वाचनाच्या वेळी पाच मिनिटं डोळे मिटले होते. मी बघितलं. मला मनापासून आनंद झाला.

समोर बसलेल्या आयांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलते. घरात सगळ्यांत शेवटी झोपणारी आणि सगळ्यांत आधी उठणारी व्यक्ती एकच असते. या महिन्यात तर घरचं आवरून पॉलिहाऊसला पहाटे हजर. आमच्याकडे अशा ड्युटीवर सही करायला कोणी अधिकारी धजणार नाही. घरातल्या बाकीच्यांनी पाळ्या लावाव्यात. चहा कोणालाही करता येतो, चौदा वर्षांच्या मुलालाही.

बरं, करिअरच्या संधी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, फी नंतर भरा. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा असतात आणि व्यावसायिक लायसन्ससाठी दोनशे तास उड्डाण लागतं. बारामतीला, गोंदियाला शिकण्याची सोय आहे. खर्च फार मोठा आहे, कर्ज काढण्याआधी दहा जणांना विचारा. त्या दहा जणांत मला धरा, माझा पत्ता ऑफिसात ठेवून जाते. झालं. बाकीचं सगळं इंटरनेटवर आहे.

आता दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. नाटुकलं व्हायचंय, बक्षीस समारंभ व्हायचाय. पहिल्या रांगेतली ती कोळीगीताच्या पोशाखातली दोन मुलं केव्हाच झोपली आहेत, त्यांना कोणी उठवू नका, त्यांची बक्षिसं मी जागेवर नेऊन देईन.

प्रमुख पाहुण्यांनी दुसऱ्या दिवसाची सुटी मागायची, अशी आपल्या शाळेची जुनी पद्धत आहे. मुलं मघापासून त्याचीच वाट बघतायत. मुख्याध्यापिका बाई, मी सुटी मागत नाही. थांबा, ओरडू नका. मी दोन गोष्टी मागते. उद्या शाळा सातऐवजी अकराला भरवा. आणि पुढच्या वर्षीपासून स्नेहसंमेलन दुपारी दोनला सुरू करा, म्हणजे रात्री नऊला प्रत्येक मूल आपापल्या अंथरुणात असेल. दुपारच्या कार्यक्रमासाठी मांडवाला जो जादा खर्च येईल तो माझ्याकडून घ्या.