रक्ताचा हुकूम आणि शिक्का

परभणीकरांस शिक्क्याचा महिमा सांगावयास नको. १९४८ पर्यंत तेथें निजामाचा अंमल होता. शिक्क्यावांचून फर्मान तें कसलें? अस्थिमज्जेंतही असाच कारभार चालतो. तेथें दर सेकंदास सुमारें २० लक्ष तांबड्या पेशी घडतात. मूळ पेशीनें तांबड्या पेशीचें रूप घ्यावें, हा हुकूम गाटा-एक नांवाचें प्रथिन जनुकांस देतें. ॲसिटिल हा इवलासा रासायनिक शिक्का त्यावर उमटला, म्हणजे त्याची जनुकांवरील पकड बळकट होते, हें १९९८ सालीं उघड झालें. तें प्रथिनच जन्मतः सदोष असेल, तर बाळास पांडुरोग होऊं शकतो. बहुधा मुलग्यांस, कारण त्याचें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. अशा लेकरास आईनें कितीही गूळ-शेंगदाणे भरवले, तरी रक्त भरून येत नाहीं. दुसऱ्याचें रक्त, प्रसंगीं मज्जाच, द्यावी लागते.