सोनटक्का परत मागून आणला

मी चरोद्याहून बोलतेय. दुर्ग जिल्ह्यातलं, भिलाईला लागून असलेलं हे गाव रेल्वेवाल्यांना 'बीएमवाय' म्हणून ठाऊक आहे, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. गोंदिया-नागपूरकडून बदली होऊन आलेली मराठी घरं इथे आहेत. शेजारी तेलुगू, ओडिया, बंगाली. क्वार्टरबरोबर अंगण मिळतं, आणि निवृत्त झालं की दोन्ही सोडावं लागतं. झाड कसं लावायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. घर सुटल्यावर ते राहणार कुठे, हा आमचा प्रश्न.

सोनटक्क्याचंच घ्या. नाव सोन्याचं आणि फूल पांढरंशुभ्र! हा आलं-हळदीच्या कुळातला. बंगाली काकू त्याला दोलनचाँपा म्हणतात. इकडच्या हिंदीत तो गुलबकावली. अमरकंटकला याच नावाने त्याचा अर्क विकतात. क्यूबाचं तर ते राष्ट्रीय फूल, गेलं मात्र आशियातूनच.

आपण तो गड्ड्यांवरून वाढवतो. गड्ड्यातून उगवतं ते मूळ झाडाचं लेकरू नव्हे, तेच झाड असतं. सासूबाईंनी लावलेल्या सोनटक्क्याचे दोन गड्डे नणंदबाई गोंदियाला घेऊन गेल्या, तेव्हा एकच झाड दोन गावी नांदायला लागलं. पुढे एका उन्हाळ्यात इथे पाण्याची फार ओढाताण झाली. आमच्या अंगणातली माती भाठा, म्हणजे लाल मुरमाड, पाणी न धरणारी. (इथला शेतकरी जमिनीला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावं देतो, कन्हार म्हणजे आपली काळी.) सोनटक्क्याला तर पायाशी सतत ओल लागते. सगळे गड्डे वाळून गेले. तोवर सासूबाईही राहिल्या नव्हत्या. पावसाळ्यात नणंदबाईंनी ओल्या बारदानात गुंडाळून चार गड्डे गाडीने आणले. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात संध्याकाळी वास आला, तो सासूबाईंच्याच झाडाचा.

आता तो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ आहे. गड्डा खोल पुरू नका, वरून दोन बोटं माती पुरे. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. आणि जास्तीचे गड्डे नाल्यात फेकू नका. दक्षिण आफ्रिकेत, हवाईत ओढ्याकाठी याचं तण माजलंय.

कर्दळीचं थोडं वेगळं. कंद लावला तर रंग तोच येतो. बी लावलं तर काय येईल ते पाहायचं, विशेषतः मोठ्या फुलांच्या संकरित जातींत. मला हेच आवडतं. पण बी काळं, छऱ्यासारखं टणक. सँडपेपरवर एका बाजूने घासा, आतलं पांढरं दिसलं की थांबा, मग दिवसभर पाण्यात ठेवा. न घासता पेराल तर महिनोन् महिने वाट बघाल. अर्जेंटिनात अक्रोडाच्या कवचात सापडलेलं कर्दळीचं बी सुमारे ६०० वर्षांनी रुजलं. त्याच्या वयाचा शोध १९७१ साली 'नेचर'मध्ये छापून आला होता. लांबच्या माणसाला पाकिटातून पाठवायला म्हणूनच बी बरं. गड्डे मात्र हातात द्यावेत.

मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरलेलं लागतं, असं म्हणणारे आमच्या लाइनीतही आहेत. मी त्यांना अंगणाकडे पाठ करून उभी राहते. न्या!

वाटायचं ते हरेलीपर्यंत वाटून टाकावं. हरेली म्हणजे इथली श्रावण अमावास्या, आपली आषाढातली, दिव्यांची. पाऊस धरलेला असतो, गड्डे लगेच जीव धरतात.

पुढच्या वर्षी आमचंही क्वार्टर सुटतंय. कुणाला काय दिलं ते मी वहीत लिहून ठेवते, म्हणजे मागायला जाता येतं. सोनटक्का सात घरी पोचला. निशिगंध चार घरी. सासूबाईंची लाल कर्दळ अजून एकाच घरी आहे, आणि ते कुटुंबही बदलीची वाट पाहतंय. तेव्हा या पावसाळ्यात आधी तिचे कंद काढणार आहे.