दर्यांत विसावलेले गोलंदाज



महोत्सवाच्या आनंदांत मृतांचा विसर पडूं नये. विशेषेंकरून ज्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतां येत नाहीं त्यांचा.

दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तोफा बसविल्या गेल्या. त्या चालविण्यास नौसैनिकांबरोबर भूदलाच्या मॅरिटाइम रॉयल आर्टिलरीचे गोलंदाजहि जात. जहाज बुडालें म्हणजे असा शिपाई शोधणें कठीण. कारण तो पलटणीचा, आणि मरण मात्र दर्यावरचें. पलटणीची नोंद व जहाज बुडाल्याची तारीख यांची सांगड घालावी, तेव्हां शोध लागतो.

देह न मिळालेल्या पुष्कळ गोलंदाजांचीं नांवें चॅथम, पोर्ट्समथ व प्लिमथ येथील नौदल-स्मारकांवर आहेत. त्यांच्यासंगें बुडालेल्या ब्रिटिश खलाशांचीं नांवें लंडनच्या टॉवर हिलवर, तर हिंदी खलाशांचीं, व त्यांत गोमंतकीयांचींहि, मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील नामावलींत आहेत. एकाच जहाजाचे मृत असे निरनिराळ्या ठिकाणीं विखुरले आहेत. म्हणून एका ठिकाणीं नांव न दिसल्यास शोध सोडूं नये.

माणसांच्या वह्या अपुऱ्या असतात. परमेश्वराच्या स्मरणांतून कोणीहि हरवत नाहीं. २ नोव्हेंबरच्या मिस्सेंत या सर्वांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करूं या, आणि ज्यांचीं नांवें सांपडलीं त्यांच्यासाठीं नांवानिशीं.