मोठा बाजार आणि पाठीवरचे पोते



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि हमालांच्या सभांत अधिक झाले. शेजारी देशांनी जकाती उठवून बाजार एक केला म्हणजे गरीब देश वर येतात, हा सिद्धान्त आम्ही मूलच्या राइस मिलच्या ओट्यावरूनच तपासणार.

सिद्धान्त खोटा नाही. मिलला बारा महिने धान हवे. एका तालुक्याचे पीक तिला पुरत नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक राज्यांच्या सीमेवरील करनाके उठले. तरी धानाची सीमा उरलीच. २०२३-२४ च्या हंगामात केंद्राचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. छत्तीसगडने ३१०० दिले आणि शेजारचे धान आत शिरू नये म्हणून सीमेवर पहारे बसविले. देशाच्या आत ही गत, मग देशादेशांत काय असेल?

सेनेगलचे लोक कणीचाच भात आवडीने खातात. तेथे भारताची कणी जात असे. ९ सप्टेंबर २०२२ ला आपण तिची निर्यात बंद केली, ती मार्च २०२५ मध्ये खुली केली. घरचा भाव आवरावा, हे आम्हांस मान्य. परंतु ज्याने आपल्या भरवशावर चूल मांडली, त्याने ती अडीच वर्षे कशी काढावी?

केनिया, युगांडा व टांझानिया यांनी १९६७ साली संघ केला. कारखाने केनियात गोळा होऊ लागले, बाकीचे दोघे कुरकुरू लागले, त्यात राजकीय भांडणे मिसळली आणि १९७७ साली संघ मोडला. पुढे १९९९ साली नवा करार झाला. हे वाचताना आम्हांस आपला तेंदूपत्ता आठवला. पाने आपल्या जंगलात तोडायची आणि विड्या दूरच्या गावी वळायच्या. म्हणजे आपण युगांडाच की!

म्हणून जकात उठविण्याच्या बैठकीत मजुरीचीही गोष्ट निघावी, असा आमचा हट्ट आहे. माथाडी-हमालांचा कायदा १९६९ चा. नोंदणी झाली तर मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधीही साठतो. पण तो महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. ट्रक सीमा ओलांडतो, कायदा अलीकडेच राहतो. आणि अलीकडे तरी किती हमालांची नोंद झाली आहे, ते व्याख्यान संपल्यावर ओट्यावर येऊन आपणच विचारावे. रात्री नऊपर्यंत गाड्या भरणे चालू असते.