पायाची नाडी
(ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला पालखीची शर्यत बघायला निघालो, आणि वाटेत तीन वेळा थांबलो. उजव्या पोटरीत गोळा यायचा. दोन-तीन मिनिटे उभा राहिलो की जायचा. पुन्हा तेवढेच अंतर चाललो की पुन्हा गोळा. मी म्हटलं, वय झालं. सहा महिने मलम चोळत बसलो. चूक माझीच.

हे दुखणे पायाला रक्त नेणारी रोहिणी अरुंद झाल्याचे होते. मणक्याच्या दुखण्यातही चालताना पाय भरून येतात, पण तिथे बहुधा बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरे वाटत नाही. रक्तवाहिनीचे दुखणे नुसते उभे राहिले तरी थांबते. एवढा फरक मला आधी कळता तर मलमाचे पैसे वाचले असते.

आता तपासणी. उताणे निजवून दहा मिनिटे शांत पडू देतात. मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब घेतात. घोट्याशी पेन्सिलीएवढे डॉपलर यंत्र धरतात, त्यातून रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब. निरोगी माणसाचा भागाकार 1 किंवा थोडा वर येतो. 0.90 किंवा कमी आला की रोहिणी अरुंद आहे असे धरतात, 0.40 च्या खाली गंभीर. माझा दंड 140, घोटा 98. म्हणजे 0.70. सुई नाही, काही नाही.

मात्र मधुमेहवाल्यांनी नीट ऐका. त्यांच्या रोहिण्यांत चुना साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि भागाकार फसवा, 1.40 च्याही वर येतो. ताळेबंद छान दिसतो, तिजोरी रिकामी! अशा वेळी अंगठ्याचा दाब घेतात. शिवाय त्यांच्या पायाची संवेदनाच गेलेली असते, त्यामुळे गोळा येतच नाही; पहिली खूण म्हणजे थेट न भरणारी जखम. माझ्या एका जुन्या खातेदाराचे तसेच झाले. चप्पल लागल्याचे निमित्त, तीन महिने घरगुती हळद, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. रोज रात्री तळवे बघा. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवा.

बँकेत आम्ही कर्जाचे चार वर्ग करायचो: स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल, लॉस. फोंतेन या फ्रेंच सर्जनने 1954 साली पायाचेही चारच वर्ग केले. पहिल्यात रोहिणी अरुंद, पण त्रास नाही. दुसऱ्यात चालताना दुखते. त्याचेही दोन भाग, 200 मीटरच्या पुढे दुखते की आतच. तिसऱ्यात झोपल्यावरही पाऊल ठणकते, माणूस रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो. चौथ्यात जखम किंवा पाऊल काळे पडणे. तिसरा-चौथा वर्ग म्हणजे पाय जाण्याची भीती, तिथे सोमवारची वाट बघायची नाही. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर होऊन असह्य दुखू लागला, तर वर्ग मोजत बसू नका, गाडी काढा. हातात काही तासच असतात.

माझा वर्ग दुसरा, आणि 150 मीटरवर दुखायचे, म्हणजे त्यातला वाईट भाग. डॉक्टरांनी सांगितले, पायापेक्षा काळजी हृदयाची आणि मेंदूची, कारण पायाची रोहिणी भरली तर तिथल्याही भरलेल्या असू शकतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागली. सिगारेट सुटली, बँकेतला चाळीस वर्षांचा जोडीदार गेला, वाईट वाटले. आणि चालणे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, गोळा गेला की पुन्हा चालायचे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. अर्थात हे दुसऱ्या वर्गासाठी. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गेल्या महिन्यात पुन्हा मोजले. भागाकार 0.72, म्हणजे जवळपास तोच. डॉक्टर म्हणाले, चालण्याने तो फारसा बदलत नाही, अंतर बदलते. आपल्या गेटपासून एस.टी. स्टँडपर्यंत पूर्वी चार थांबे लागत. काल एक लागला, तोही निम्मा कोणीतरी हाक मारली म्हणून.