आतड्याचा दाह आणि कामगारावरचा शेरा



वैद्यकाच्या विषयावर कामगार संघटनेचे माणूस बोलावयास उभे राहते, याचे कित्येकांस नवल वाटेल. शाळा आम्हांला फारशी लाभली नाही. जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर. पण पाळीवरचा कामगार दिवसातून दहा वेळा संडासास जातो, रक्त पडते, वजन उतरते, आणि त्याच्या नावापुढे 'कामचुकार' असा शेरा पडतो. त्याची बाजू मांडावयाची तर रोग समजून घेणे भाग पडते.

आतड्याच्या या जुनाट दाहाचे मुख्य प्रकार दोन. एक मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडतो. दुसरा १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वर्णिला. तो अन्नमार्गात कोठेही होतो व आतड्याची सबंध भिंत पोखरतो.

आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा अवघा एक थर. त्याच्या एका अंगास असंख्य जंतू, दुसऱ्या अंगास शरीराच्या रक्षक पेशी, आणि मध्ये बुळबुळीत लेप. निरोगी माणसात दोन्ही पक्ष सुखाने नांदतात. लेप विरळ झाला, पेशींचे सांधे सैल पडले, की जंतू आत घुसतात आणि रक्षक पेशी भोंगा वाजवतात. हा भोंगा म्हणजे टीएनएफ, इंटरल्युकिन-२३ अशी प्रथिने. तो ऐकून रक्तातून आणखी पेशी धावून येतात. काम संपल्यावर भोंगा थांबावयास हवा. या रोगात तो थांबत नाही, आणि रक्षकांच्याच माऱ्याने भिंत ढासळते. भोंगा थांबवणारे एक प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-१०. ज्या तान्ह्या मुलांच्या पेशींना त्याचा निरोप जन्मतःच पोहोचत नाही, त्यांना भयंकर दाह होतो, असे २००९ साली दिसून आले.

मग दोष केवळ आनुवंशिक म्हणावा काय? जंतूंच्या कवचाचा तुकडा ओळखणाऱ्या 'नॉड-२' या जनुकातील बदलांचा क्रोनच्या रोगाशी संबंध २००१ साली उघड झाला. परंतु असे बदल अंगी असलेली बहुतेक माणसे निरोगीच राहतात. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला रोग झाला, तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. म्हणजे परिस्थितीचाही त्यात वाटा आहे. धूम्रपानाने क्रोनचा रोग बळावतो, हे तर सिद्धच आहे.

टीएनएफचा भोंगा दाबणारे औषध १९९८ पासून क्रोनच्या रुग्णांना मिळू लागले. पण तेच टीएनएफ क्षयाच्या जंतूंनाही कोंडून ठेवते; म्हणून हे औषध देण्यापूर्वी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. शिवाय आतड्याचा क्षय व क्रोनचा रोग दिसावयास सारखे. क्षय घरोघर माहीत असलेल्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही.

तेव्हा मंडळी, हा रोग स्पर्शाने पसरत नाही, तो पाप नव्हे, आळसाचे निमित्त तर मुळीच नव्हे. अशा माणसाला जवळचा संडास, तपासणीसाठी रजा आणि परत आल्यावर त्याची जागा, एवढे मिळाले पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे. पेशींचे भांडण डॉक्टर मिटवतील. शेरा पुसण्याचे काम आपले आहे.